गाडीला जोर कमी पडतोय की सबुरी?

पत्र

माझ्या वडिलांची १९८७ ची सुझुकी सामुराई आता माझ्याकडे आहे. १.३ लिटरचं कार्ब्युरेटरचं इंजिन, पाच गिअर. मी तिला ३१ इंची टायर घातले आणि पाटे थोडे उंच केले. तेव्हापासून गाडीला ओढच राहिली नाही. मोठ्या रस्त्यावर चढ आला की पाचव्या गिअरमध्ये वेग पडत जातो. दगडधोंड्यांच्या चढावर लो रेंजच्या (अवघड वाटेसाठीच्या सावकाश गिअरांच्या) पहिल्या गिअरमध्येही अर्धा क्लच धरावा लागतो, जळका वास येतो, आणि ऐन अवघड जागी इंजिन बंद पडतं. माझा एक मित्र यातला जाणकार आहे. तो म्हणतो, हे इंजिन काढ, जनरल मोटर्सचं ४.३ लिटरचं व्ही-६ बसवू, आयुष्यभराची कटकट मिटेल. त्यासाठी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा, थोडी कापावी लागेल, असंही म्हणतो. वडिलांनी ही गाडी जिवापाड जपली. ते गेल्यावर तिला कापायला हात धजत नाही, पण अशी रखडत चालवणंही बरं वाटत नाही. काय करू?

उत्तर

फायरवॉल कापू नका. बाकीचं सविस्तर बोलू, पण हे उत्तर पोहोचेपर्यंत मित्राने ग्राइंडर हातात घेतला असेल तर त्याला आधी थांबवा. कापलेला पत्रा पुन्हा जोडता येतो, पण तो जोडलेलाच दिसतो. तुमच्या पत्रात मला सर्वांत जवळचं वाटलेलं वाक्य 'हात धजत नाही' हे आहे, आणि त्या वाक्याला धरूनच मी पुढचं लिहितोय.

तुम्ही तीन दुखणी सांगितलीत आणि तिन्हींना एकच नाव दिलंत, ओढ नाही. माझ्या मते ही तीन निरनिराळी दुखणी आहेत, त्यांची कारणंही निरनिराळी आहेत, आणि मोठं इंजिन त्यांतल्या एकाच दुखण्यावर खरा इलाज आहे. म्हणून ती एकेक सुटी करून पाहू.

आधी दगडांचा चढ. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर ३.६५२ चा आहे, ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या पेटीची) लो रेंज २.२६८ ची आणि धुऱ्यातलं डिफरन्शियल ३.७२७ चं. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३०.९ येतो. म्हणजे इंजिनाच्या ३०.९ फेऱ्या झाल्या की चाक एकदा फिरतं. आता इंजिन आयडलिंगवर, म्हणजे पाय न दाबता, मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आहे असं धरा. चाक मिनिटाला २९ वेळा फिरेल. ३१ इंची टायरचा घेर साधारण २.४७ मीटर. गाडी मिनिटाला सुमारे ७२ मीटर, तासाला सव्वाचार किलोमीटरच्या थोडी वर चालेल. सपाट रस्त्यावर माणूस जवळपास याच वेगाने चालतो.

पण दगडांवर आपण त्या वेगाने चालतो का? एक पाय टेकवतो, दगड हलत नाही ना ते बघतो, मग दुसरा उचलतो. गाडीलाही तिथे तेच करायचं असतं. तुम्हाला दोन-अडीच किलोमीटरचा वेग हवाय आणि गाडीचा सर्वांत कमी वेगच सव्वाचारचा आहे. मधली ही तफावत तुम्ही क्लच अर्धा धरून भरून काढता, म्हणून जळका वास येतो. क्लच पूर्ण सोडून दगडाशी थबकलात की इंजिन आयडलिंगच्या खाली ओढलं जातं आणि बंद पडतं. मूळच्या लहान टायरवर हाच सर्वांत कमी वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास होता. मोठे टायर घातल्यापासून त्रास वाढला, याचं कारण हेच.

आता जोराचं गणित बघा, कारण तुमच्या मित्राचा सगळा भर त्यावर आहे. तुमचं इंजिन नवं असताना ३,५०० फेऱ्यांवर सुमारे १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, देत होतं. त्याला ३०.९ ने गुणा. घर्षणात जाणारा भाग सोडला तर चाकांपाशी ३,००० न्यूटन-मीटरच्या पुढे पीळ पोहोचतो. माणसांसकट गाडी ११०० किलोची धरली आणि खडकावर टायरची पकड चांगली धरली, तरी चारही टायर मिळून जमिनीला साधारण ३,४०० च्या आसपासच पीळ देऊ शकतात. त्यापुढे ते घसरून जागच्या जागी फिरू लागतात. मुरुमावर किंवा चिखलात ही मर्यादा निम्म्यावर येते. म्हणजे जमिनीला जेवढा जोर झेपतो, जवळपास तेवढा तुमचं जुनं इंजिन आजही देऊ शकतं. अडचण एवढीच की तो जोर ३,५०० फेऱ्यांवर मिळतो, आणि ३,५०० फेऱ्यांवर ही गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये तासाला १७ किलोमीटरने धावत असते. त्या वेगाने दगडांवर गेलात तर एखादा पाटा तरी तुटेल, नाहीतर तुमचं डोकं छताच्या पाइपवर आपटेल.

म्हणून माझं मत असं की दगडांवर तुमच्या गाडीला जोर कमी पडत नाही, तिला हळू जाता येत नाही. व्ही-६ बसवलंत तर ते ६०० फेऱ्यांवरही मरणार नाही, हे मान्य. पण याच गिअरांत ६०० फेऱ्यांवरही गाडी तासाला २.९ किलोमीटरने पुढे रेटेल, आणि प्रत्येक वेळी पाय जरा जास्त दाबला गेला की आताच्या तिप्पट पीळ त्याच जुन्या जोडांवर येईल.

यावर इलाज ट्रान्सफर केसमध्ये आहे. सामुराईच्या ट्रान्सफर केसमध्ये बसणारे ४.१६ चे लो रेंज गिअर तयार मिळतात. तीच केस, तेच कव्हर, आतले गिअर फक्त बदलायचे. पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार ३०.९ वरून ५६.६ वर जातो. आयडलिंगला गाडी तासाला २.४ किलोमीटरने सरकते. किंवा दुसऱ्या बाजूने पाहा. आज ज्या वेगाला इंजिन ९०० फेऱ्यांवर कण्हतंय, त्याच वेगाला ते १,६५० फेऱ्यांवर मोकळं फिरत असेल. क्लच पूर्ण सोडलेला, पाय ब्रेकवर तयार, आणि गाडी एकेक दगड चाचपत चढतेय. ज्याने हा अनुभव एकदा घेतला तो मोठ्या इंजिनाचा विषय बरेच दिवस काढत नाही. यातल्या काही संचांमध्ये हाय रेंजही (रोजच्या रस्त्यावरची) थोडी खाली येते. मोठे टायर ठेवायचे असतील तर तसाच संच घ्या, त्याचा फायदा रस्त्यावरही होईल. याहून खालचे, ६.५ चेही संच असतात. ते घेऊ नका. तुमच्या वापराला त्यांची गरज नाही, आणि पुढच्या चाकांच्या जोडांना ते झेपायचे नाहीत.

हे काम करताना एक गोष्ट विसरू नका. या गाडीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी आहे, मध्ये छोटा शाफ्ट आहे, आणि केस तीन रबरी माउंटवर टांगलेली असते. लो रेंज खाली गेली की केसला जागेवरून पिळणारा जोर वाढतो. तिला धरणारे हात ही या गाडीची जुनी कमजोर जागा आहे, ते तडकतात. केस बाहेर काढलेलीच असेल तेव्हा हातांना चीर नाही ना ते बघा, रबर नवे घाला, आणि जमलं तर मजबूत माउंट त्याच वेळी बसवून टाका.

दुसरं दुखणं, इंजिन ऐन अवघड जागी बंद पडणं. यातला काही भाग वर सांगितलेल्या गिअरांचा आहे, पण सगळा नाही असा मला दाट संशय आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि त्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. गाडी एका बाजूला किंवा नाकावर फार कलली की वाटीतलं पेट्रोलही कलतं. मग एकतर जेट, म्हणजे पेट्रोल आत जायचं बारीक भोक, उघडा पडून इंजिन उपाशी मरतं, किंवा पेट्रोल नको तिथून ओघळून त्याला ठसका लागतो. उपाशी मेलं तर ते फुसफुसत शांत होतं. ओघळून मेलं तर पेट्रोलचा वास येतो, धूर काळा येतो, आणि पुन्हा सुरू करताना पाय पूर्ण दाबून धरावा लागतो.

हे ओळखायची चाचणी सोपी आहे. गाडी चढावर उभी करा, हँडब्रेक लावा, चारही चाकांना दगडांची अडण लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन नुसतं चालू ठेवा. पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग नाक खाली करून तेच करा, मग एका कुशीवर कललेली. कुठलाही भार नसताना इंजिन मेलं, तर त्याचा जोराशी काही संबंध नाही. फ्लोटची पातळी, सुईची झडप आणि पेट्रोल पंपाचा दाब तपासून घ्या. बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मा त्रास जातो. पण कार्ब्युरेटर कलतीला पूर्ण निर्धास्त कधीच होत नाही. त्याचा कायमचा इलाज म्हणजे फ्युएल इंजेक्शन. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तिथेच मोठ्या इंजिनाचा विषय येतो.

तिसरं दुखणं मोठ्या रस्त्याचं. इथे तुमचा स्पीडोमीटर तुम्हाला फसवतोय. तो ट्रान्सफर केसच्या फेऱ्या मोजतो, टायर किती मोठा आहे हे त्याला कळत नाही. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास २६.३ इंच होता, तुमचा ३१. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९४ ने चाललेली असते. अशा चौकोनी, उंच गाडीला वारा फाडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० च्या जागी ९४ म्हणजे त्या कामाला दीडपटीहून जास्त शक्ती. इंजिन थकलंय असं तुम्हाला वाटतं, पण ते बिचारं तुम्ही न मागितलेलं काम करतंय. त्यात पाचवा गिअर. खऱ्या ८० च्या वेगाला, ३१ इंची टायरवर, पाचव्यात इंजिन २,२५० फेऱ्यांवर असतं. या इंजिनाचा जोर तिथे भरलेलाच नसतो. चढावर निःसंकोच चौथा टाका. त्याच वेगाला २,८०० च्या पुढे फेऱ्या जातील आणि इंजिन खूश राहील. जास्त फेऱ्यांमुळे इंजिन लवकर झिजतं असं आपण ऐकत आलोय, पण कमी फेऱ्यांवर पूर्ण पाय दाबून रडवत नेणं त्याला जास्त भारी पडतं.

तरीही हे खरंय की लांबच्या प्रवासाला, माणसं आणि सामान भरून, ६३ अश्वशक्ती कमी पडतात. या दुखण्याला मोठं इंजिन हा खराखुरा इलाज आहे. फक्त ते ४.३ लिटरचं असण्याची गरज नाही.

सुझुकीच्याच पहिल्या पिढीच्या विटारामध्ये १.६ लिटरचं इंजिन यायचं. जी-१६ हे त्याचं नाव. तुमचं जी-१३. दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्हींचे ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचे. तुमच्या इंजिनाचा पिस्टन ७४ मिलिमीटरचा आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ७७ चा, त्याचा पिस्टन ७५ चा आणि स्ट्रोक ९० चा. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी स्ट्रोकमध्ये आहे, आणि म्हणून खालच्या फेऱ्यांना त्याची ओढ चांगली आहे. सोळा व्हॉल्व्हचं घेतलंत तर साधारण ९५ अश्वशक्ती आणि १३० न्यूटन-मीटर मिळतात. टॉर्क तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो, शक्ती दीडपट होते. तुमच्या टायरांनी चाकापाशी जो पंधरा टक्के जोर खाल्लाय तो भरून निघतो आणि वर शिल्लक राहतो. सोबत इंजेक्शन येतं, म्हणजे कलतीचं दुखणंही जातं.

पण मला या इंजिनाबद्दल सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ते तुमच्या आताच्या गिअरबॉक्सला बसतं. बोल्टची भोकं तीच आहेत. गिअरबॉक्स हलत नाही, म्हणून मधला छोटा शाफ्ट हलत नाही, ट्रान्सफर केस हलत नाही, पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, गिअरची दांडी जमिनीतल्या त्याच भोकातून वर येते. फायरवॉलला हात लावायचं कारणच उरत नाही. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना गाडी मूळ रूपात हवी झाली, तर बोल्ट खोलून वडिलांचं इंजिन परत बसवता येईल. माझ्यासाठी हा मुद्दा अश्वशक्तीच्या वरचा आहे.

व्ही-६ च्या बाबतीत यातलं काहीच खरं राहत नाही. ते ओतीव लोखंडाचं इंजिन आहे, तुमच्या इंजिनापेक्षा कितीतरी जड, आणि ते सगळं वजन पुढच्या धुऱ्यावर येणार. पुढचे पाटे बसतील, स्टिअरिंग जड होईल. तुमच्या गिअरबॉक्सला तो पीळ झेपणार नाही, म्हणून गिअरबॉक्स बदलायचा. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून शाफ्ट बदलायचे. जुळवणीची प्लेट लावायची तर क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत येणं हे नजरेने ठरवायचं काम नाही, तिथे चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. ती चुकली तर क्लच घासत राहतो आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आवाज करत मरतं. रेडिएटर पुरत नाही, सायलेन्सरचा पाइप पुढच्या शाफ्टच्या आड येतो. आणि या सगळ्यानंतर तो ३०० न्यूटन-मीटरच्या वरचा पीळ जातो कुठे? पुढच्या चाकांतल्या त्याच बारीक सांध्यांत, जे ९०० आणि काही किलोच्या गाडीसाठी, ६३ अश्वशक्तीसाठी बनवलेले आहेत. गाडीच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर फक्त २,०३० मिलिमीटर आहे. इतक्या आखूड, उंच आणि अरुंद गाडीला तेवढी शक्ती दिली तर ती जोरात कशी पळते यापेक्षा ती उलटताना काय होतं, याची मला जास्त काळजी वाटते.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. तरुणपणी मी एका हलक्या पेट्रोल जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवलं होतं. ते पहिल्याच किल्लीला सुरू झालं, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही चार मित्र बॉनेट उघडं ठेवून नुसते ऐकत उभे होतो. त्यानंतरची दोन वर्षं मी त्या इंजिनाच्या मागे गाडीची एकेक वस्तू बदलत गेलो. आधी पाटे, मग स्टिअरिंग, मग रेडिएटर, मग पुढचा डिफरन्शियल. ब्रेकला व्हॅक्युम लागतो आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्युम देत नाही, हे मला एका उतारावर पाय दाबल्यावर कळलं. थोडक्यात बचावलो. ती गाडी शेवटी मी विकली, आणि तिच्यात मूळचं असं जवळजवळ काही उरलं नव्हतं याचं दुःख मला विकण्याच्या दुःखाहून जास्त झालं. तुमच्या गाडीचं तसं होऊ नये.

मोठं इंजिन म्हणजे चूक, असं मात्र समजू नका. हा प्रकार फार जुना आहे आणि कारखान्यांनीही केलाय. लँड रोव्हरने १९७९ मध्ये आपल्या सिरीज गाडीत रेंज रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ बसवलं. ते कसं बसवलं हे पाहण्यासारखं आहे. जुना गिअरबॉक्स ठेवला नाही, रेंज रोव्हरचा कायम चारही चाकं फिरवणारा गिअरबॉक्स घेतला. इंजिनाला जागा व्हावी म्हणून गाडीचं नाक पुढे आणलं. आणि रेंज रोव्हरमध्ये १३० च्या आसपास अश्वशक्ती देणारं तेच इंजिन मुद्दाम गळा आवळून ९१ वर आणलं. ज्यांच्या हाताशी अख्खा कारखाना होता त्यांनीही इंजिनाला गाडीच्या मापाचं करून मग बसवलं. तुमच्या मित्राला हे जरूर सांगा. तो जाणकार आहे म्हणता, तर त्याला यातलं मर्म लगेच कळेल, आणि १.६ च्या कामाला तुम्हाला त्याच्यासारखाच माणूस लागणार आहे.

आता ते काम. १.६ घ्यायचं ठरलं तर सुटं इंजिन घेऊ नका. चालू स्थितीतली अख्खी गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर इंजिनासोबत त्याचा कॉम्प्युटर, पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, पेट्रोल पंप आणि कागदपत्रं घ्या. वायरिंग कापून दिलेलं असेल तर नको म्हणा. इंजिन बसवायला आठ दिवस पुरतात आणि तुटकं वायरिंग शोधण्यात आठ महिने जातात. इंजिन अजून बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आणि क्लच नवे घाला. गाडीत बसल्यावर याच कामांना चौपट वेळ लागतो.

इंजेक्शनला पेट्रोल जास्त दाबाने लागतं. कार्ब्युरेटरचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला अडीच ते तीन बार लागतो. म्हणून टाकीपासून पुढची नळी, तिचे क्लिप, फिल्टर, परतीची नळी हे सगळं त्या दाबाचं हवं. इथे जुनी रबरी नळी चालवून घेऊ नका, आग याच जागी लागते.

इंजिनाचे माउंट नवे लागतील. इंजिन उंचीला थोडं जास्त आहे, म्हणून कायमचं वेल्डिंग करण्याआधी ते नुसतं टेकवून बॉनेट हलक्या हाताने बंद करून बघा. आणि खाली ऑइलचं चेंबर बघा. पुढचा धुरा या गाडीत अखंड आहे, तो खड्ड्यात वर येतो. पाटे पूर्ण दाबले गेल्यावर धुरा आणि चेंबरमध्ये जागा उरते का, ते जॅकने धुरा वर उचलून प्रत्यक्ष मोजा. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना सगळं छान दिसतं. रेडिएटरला पंख्याभोवतीचं आवरण जरूर ठेवा, कारण दगडांवर गाडी दोन किलोमीटरने सरकते तेव्हा वाऱ्याची काहीच मदत नसते, थंड ठेवायचं सगळं काम पंख्यालाच करावं लागतं.

इंजिनाच्या आधी ब्रेक. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, हट्ट धरतोय. मोठ्या टायरने जसा ओढीचा जोर पंधरा टक्क्यांनी घटला, तसाच ब्रेकचाही घटला, तेही तुमच्या लक्षात न येता. आता इंजिन गाडीला ८० ऐवजी १०० वर सहज नेईल. १०० वर थांबवायची ऊर्जा ८० च्या दीडपटीहून जास्त असते. पुढच्या डिस्क, कॅलिपर, मागचे ड्रम, जुन्या रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर, सगळं नवं किंवा नव्यासारखं झाल्याशिवाय इंजिन बदलू नका. टायर ३१ वरून २८-२९ इंचांवर आणायची तयारी असेल तर ओढ, ब्रेक, स्टिअरिंग सगळंच एकदम सुधारतं. ३१ इंची टायर दिसायला छान दिसतात हे मला ठाऊक आहे.

कागदांचं काम आधी करा. इंजिनाचा नंबर आणि क्षमता गाडीच्या नोंदणीत लिहिलेली असते. बदल चालतो का, धुराचे कोणते नियम लागतील, तपासणी कोण करणार, हे तुमच्याकडच्या नोंदणी कार्यालयातून लेखी घ्या, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता बदललेल्या इंजिनावर अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

वडिलांचं इंजिन काढलंत तर ते कोपऱ्यात टाकून देऊ नका. पाणी पूर्ण काढा, ऑइल नवं भरा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवा, प्लग परत लावा. सगळी तोंडं बंद करा, गुंडाळून कोरड्या जागी लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवा, आणि दर काही महिन्यांनी थोडं फिरवत राहा. माउंट, कार्ब्युरेटर, जुना पंप, काढलेले बोल्ट एकाच पेटीत, त्यावर चिठ्ठी.

पण हे सगळं पुढचं. या आठवड्यात फक्त दोन कामं करा. एक, वर सांगितलेली चढावरची चाचणी. दुसरं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, प्रेशर गेजने मोजा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन तोडा, पाय पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवा. निरोगी इंजिनात साधारण १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर यायला हवेत, आणि चारही आकड्यांत एक किलोहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. वडिलांनी शेवटचं टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कधी लावून घेतलं होतं ते त्यांच्या वहीत सापडलं तर तेही बघा, गाडी जपणारी माणसं अशी नोंद ठेवतात. सगळे आकडे आणि चढावर काय झालं ते मला लिहून पाठवा. चारही सिलिंडर सारखे असतील तर आपण ट्रान्सफर केसच्या गिअरांपासून सुरुवात करू, आणि एखादा १० च्या खाली असेल तर १.६ चा विचार लवकर करावा लागेल.